द्वेषाची बातमी, दुखावलेल्या भावना आणि सात दिवसांची मुदत

मुठाकाठ

टीव्हीवरच्या चर्चेत एका अख्ख्या समाजाला तासभर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं, तेव्हा आपण चडफडतो आणि चॅनेल बदलतो. नाटकातल्या एखाद्या प्रसंगाने कुणाच्या भावना दुखावल्या, की मात्र तासाभरात घोषणा देत माणसं जमतात. पहिल्या प्रकारात नुकसान जिवंत माणसांचं होतं, त्यांना घर नाकारलं जातं, कधी जीवही जातो. तरी तक्रार जवळपास शून्य. दुसऱ्या प्रकारात तक्रारीची वाटही कुणी पाहत नाही. हे उलटं व्हायला हवं, म्हणून हा धागा.

पुण्याचाच हिशोब मांडू. ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. राग परदेशी लेखकाच्या एका पुस्तकावर होता, फुटली आपलीच कपाटं आणि विस्कटली आपलीच हस्तलिखितं. ३ जानेवारी २०१७ ला पहाटे संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा उखडून नदीत टाकला. २ फेब्रुवारी २०२४ ला विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातला विद्यार्थ्यांचा प्रयोग बंद पाडला गेला, अटक झाली ती विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना, आणि दुसऱ्या दिवशी केंद्रात तोडफोडही झाली. याच शहरात २ जून २०१४ ला हडपसरमध्ये एका तरुण आयटी कर्मचाऱ्याला मारून टाकलं. फेसबुकवरच्या आक्षेपार्ह चित्रांचा राग होता आणि त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढीच त्याची ओळख मारणाऱ्यांना पुरली.

यातल्या प्रत्येक वेळी कायद्याचा रस्ता उघडा होता. तो लोकांना नीट माहीत नसतो, म्हणून आधी वृत्तवाहिन्यांचं सांगतो.

वाहिनी एनबीडीएसए या स्वनियमन संस्थेच्या कक्षेत येत असेल, तर पहिली तक्रार संस्थेकडे करायची नाही, वाहिनीकडेच करायची. तीही कार्यक्रम पहिल्यांदा दाखवला गेल्यापासून ७ दिवसांच्या आत. बहुतेक चांगल्या तक्रारी इथेच बाद होतात, कारण लोकांना क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर दहाव्या दिवशी मिळते. वाहिनीच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल असतो, त्यावर पाठवा. उत्तर आलं आणि पटलं नाही, तर १४ दिवसांत संस्थेकडे जा. संस्थेच्या अर्जात एक हमी द्यावी लागते की हाच विषय कुठल्या न्यायालयात प्रलंबित नाही. उत्साहाच्या भरात आधी कोर्टात धाव घेतली, की हा दरवाजा बंद होतो.

२०२१ च्या जूनमध्ये केबल टीव्ही नियमांत दुरुस्ती होऊन तीन पायऱ्या आल्या, त्या सगळ्याच वाहिन्यांना लागू आहेत. वाहिनीने २४ तासांत पोच द्यायची, १५ दिवसांत निकाल द्यायचा. तो पटला नाही तर १५ दिवसांत स्वनियमन संस्थेकडे अपील, त्यांना ६० दिवस. त्यानंतरही समाधान नसेल तर १५ दिवसांत केंद्र सरकारकडे.

तक्रारीत काय लिहायचं, हे सर्वांत महत्त्वाचं. 'अमुक वाहिनी नेहमीच द्वेष पसरवते' हे वाक्य निरुपयोगी आहे. असं लिहा: तारीख, कार्यक्रमाचं नाव, रात्री ८ वाजून १४ मिनिटं २० सेकंदांनी खालच्या पट्टीवर आलेला मजकूर शब्दशः, ८ वाजून १६ मिनिटांनी सूत्रसंचालकाचं वाक्य शब्दशः, ८ वाजून १९ मिनिटांनी पाहुण्याने आकडेवारी मागितली तेव्हा त्याचा आवाज बंद केला गेला. प्रत्येक नोंदीसमोर कुठलं तत्त्व मोडलं ते: निःपक्षपातीपणा, अचूकता, धार्मिक सलोखा. पट्टी आणि यूट्यूबवरचं थंबनेल विसरू नका. तोंडाने 'सर्व समाज तसा नाही' म्हणायचं आणि पट्टीवर प्रश्नचिन्ह लावून नेमकं तेच ठसवायचं, ही नेहमीची पद्धत आहे. प्रश्नचिन्हाने आरोप पुसला जात नाही.

---

पट्टीवाचक

उत्तम सुरुवात. एक भर. वाहिनीला प्रक्षेपणाचं ध्वनिचित्रमुद्रण ९० दिवस जपून ठेवावं लागतं. पहिल्या ईमेलमध्येच 'या कार्यक्रमाचं मूळ मुद्रण जतन करावं' असं एक वाक्य घाला. यूट्यूबवरची प्रत नंतर कापून चढवली जाते आणि नेमकी ८:१६ ची ओळ गायब होते.

शिक्षेबद्दल अपेक्षा माफक ठेवा. दंडाची मर्यादा १ लाख रुपये होती आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती अपुरी असल्याचं म्हटलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आंतरधर्मीय नात्यांना एका समाजाचा कट ठरवणाऱ्या कार्यक्रमांसाठी एका वाहिनीला १ लाख आणि दुसरीला ५० हजारांचा दंड झाला, व्हिडिओ काढायला लावले. एवढ्या मोठ्या धंद्याला १ लाख म्हणजे काहीच नाही, हे खरं. पण आदेश लेखी असतो, नावानिशी असतो आणि पुढच्या तक्रारदाराला दाखला म्हणून वापरता येतो. शिवाय या तक्रारी सामान्य नागरिकांनी ईमेलवरून केल्या होत्या, वकील न लावता.

---

शनिपार_४११०३०

टीव्हीला एवढं झोडपताय, छापील मराठी वर्तमानपत्रांचं काय? गुन्हेवृत्ताच्या पानावर 'घरफोड्या करणारी पारधी टोळी जेरबंद' अशा धर्तीचा मथळा आजही छापला जातो. टोळीत चार जण असतील. पारधी समाज लाखोंचा आहे. चार ब्राह्मणांनी किंवा चार मराठ्यांनी पतसंस्था बुडवली तर 'ब्राह्मण टोळी', 'मराठा टोळी' असा मथळा कधी वाचलाय? मग इथेच जात कशी येते?

ती येते पोलिसांच्या प्रेसनोटमधून. वार्ताहर ती उतरवून घेतो, उपसंपादक जागेत बसणारा छोटा शब्द निवडतो आणि 'पारधी' हा तीन अक्षरी शब्द दोन कॉलमच्या मथळ्यात चपखल बसतो. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या 'विमुक्त' झाल्या. मथळ्यातून अजून व्हायच्या आहेत.

---

खिळेजुळारी

शनिपार, अगदी बरोबर, आणि यावर उपाय आहे. प्रेस कौन्सिलच्या पत्रकारितेच्या निकषांत स्पष्ट आहे की एखाद्या व्यक्तीची जात सांगणं टाळावं, विशेषतः त्यातून त्या जातीला कमीपणा येत असेल तर. रस्ता असा: आधी संपादकाला लेखी पत्र, त्यात अंकाची तारीख, आवृत्ती (पुणे शहर की ग्रामीण, हे महत्त्वाचं, मथळे आवृत्तीनुसार बदलतात), पान क्रमांक, मथळा, आणि नेमका कुठला शब्द का गाळायला हवा. उत्तराला वाजवी वेळ द्या. उत्तर नाही किंवा समाधानकारक नाही, तर कौन्सिलकडे तक्रार. दैनिक आणि साप्ताहिकासाठी मजकूर छापल्यापासून दोन महिने, इतर नियतकालिकांसाठी चार महिने. सोबत मूळ कात्रण आणि संपादकाला पाठवलेल्या पत्राची प्रत. मजकूर मराठीत असेल तर इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर जोडा, नाहीतर फाइल तिथेच अडते.

कौन्सिल दंड करू शकत नाही. समज देणं, ताशेरे ओढणं, नापसंती नोंदवणं एवढेच अधिकार १९७८ च्या कायद्याच्या कलम १४ मध्ये आहेत. तरी संपादकाला लिहिलेलं पहिलं पत्रच पुष्कळदा काम करतं. रागाने नाही, पर्यायी मथळ्यासह लिहा: 'घरफोड्या करणारी चौघांची टोळी जेरबंद'. अक्षरं जवळपास तेवढीच. मथळा बसत नाही ही सबबच उरत नाही.

महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. वस्तीच्या पाटीवरून जात काढायची आणि पानभर मथळ्यात ठेवायची, याला काही अर्थ आहे का?

---

ओंकारेश्वरघाट

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

तुम्ही सगळे 'भावना दुखावणं' या गोष्टीला हलकं लेखताय. श्रद्धा म्हणजे माणसाच्या जगण्याचा कणा असतो. वारीत अठरा-वीस दिवस चालणाऱ्या माणसाला त्याच्या विठोबाची टवाळी मंचावर दिसली, तर त्याला लागणारच. त्याने 'निकषांचं कलम' शोधत बसायचं का? कायदासुद्धा श्रद्धेला संरक्षण देतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ त्यासाठीच आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तोडफोड चूक, हे मान्य. पण तक्रार करणाऱ्या भाविकाला असहिष्णू म्हणणंही पूर्वग्रहच आहे.

---

मुठाकाठ

@ओंकारेश्वरघाट, राग कसला? शेवटचं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. तक्रार करणारा असहिष्णू नाही. प्रयोगात घुसणारा असहिष्णू आहे.

पण २९९ मध्ये काय लिहिलंय ते बारकाईने पाहा. 'हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने' केलेला अपमान लागतो. १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या २९५-अ ला (म्हणजे आजच्या २९९ ला) वैध ठरवलं ते याच अटीवर: नकळत, निष्काळजीपणे किंवा दुष्ट हेतूशिवाय झालेला अपमान यात येत नाही. म्हणजे 'मला लागलं' हे गुन्ह्याचं माप नाही.

माप कुठलं, तेही आपल्याच भागातून आलंय. नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४० च्या दशकात सांगितलं की शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर, धैर्यवान माणसाच्या नजरेने. प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या डळमळीत मनाच्या नजरेने नाही. २८ मार्च २०२५ ला इम्रान प्रतापगढी प्रकरणात एका कवितेवरून झालेला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने हेच माप पुन्हा लावलं.

तुमचा वारकरी खंबीर आहे. ज्या परंपरेने तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेलेल्या पाहिल्या, तिला एका प्रयोगाने तडा जाईल असं समजणं हाच तिचा कमीपणा आहे.

---

कलमदान

कायद्याच्या बाजूने थोडं नेमकं, कारण पोलीस ठाण्यात इथेच घोळ होतो.

दोन प्रकार वेगळे ठेवा. एक, समाजासमाजांत वैर वाढवणं: न्याय संहितेचं १९६ (जुनं १५३-अ), सोबत १९७ आणि ३५३. दोन, धर्माचा किंवा श्रद्धेचा अपमान: २९९. 'अमक्यांना दुकानं देऊ नका', 'अमक्यांकडून भाजी घेऊ नका' हे पहिल्यात बसतं, कारण रोख माणसांवर आहे. तक्रारीत दोन्ही कलमांची खिचडी केली की तपास अधिकारी सोपं ते उचलतो.

द्वेषपूर्ण भाषणाबाबत २८ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितलं की तक्रारीची वाट न पाहता, बोलणाऱ्याचा धर्म न पाहता गुन्हा नोंदवा. त्या आदेशाची प्रत अर्जाला जोडा. शिवाय २०१८ च्या तहसीन पूनावाला निकालानुसार प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी असायला हवा, अर्जाची एक प्रत त्यालाही.

ठाण्यात 'एनसी घेतो' असं म्हणाले तर थांबा. १९६ दखलपात्र आहे, एनसी अदखलपात्रासाठी असते. हद्दीचा वाद काढला तर झीरो एफआयआर (हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा गुन्हा) मागा. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(३) खाली वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. तशी करणार असतील तर ती नोंद लेखी मागा. बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत ही चौकशी आधी करणं योग्य, असं प्रतापगढी निकालातच आहे. म्हणजे ती ढाल नाटकवाल्या विद्यार्थ्यालाही मिळते, आणि मिळायलाच हवी. नकार आला तर १७३(४) खाली वरिष्ठ अधिकाऱ्यांना स्पीड पोस्टने अर्ज, त्यानंतर न्यायदंडाधिकारी. पुढचा अडथळा: या कलमांखाली न्यायालयाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते. अनेक खटले गुन्हा नोंदवूनही मंजुरीच्या टेबलावर पडून राहतात. तिथे माहिती अधिकार वापरा. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. 'मंजुरीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला, कोणाकडे पाठवला' एवढंच विचारा. 'कारवाई का केली नाही' विचारलंत तर तो 'माहिती'च्या व्याख्येत बसत नाही म्हणून परत येतो.

---

हडपसरकर

व्हॉट्सअ‍ॅपचा पुरावा कसा जपायचा, हे कुणीतरी लिहा. स्क्रीनशॉट टिकत नाही म्हणतात.

---

कलमदान

नुसता स्क्रीनशॉट कमकुवत असतो, कारण तो कुणीही बनवू शकतो. ज्या फोनवर मूळ मेसेज आला तो फोन जपा, चॅट डिलीट करू नका, ग्रुप सोडण्याआधी माध्यमांसह चॅट एक्स्पोर्ट करा. मग स्क्रीन रेकॉर्डिंग करा: ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, 'फॉरवर्डेड' ही खूण, वेळ, सगळं एका सलग चित्रणात. सार्वजनिक पोस्ट असेल तर पूर्ण यूआरएल कॉपी करा. फेसबुकच्या पोस्टवरच्या वेळेला टिचकी मारली की त्या पोस्टची स्वतंत्र लिंक उघडते, तीच घ्या. फाइल उतरवली की तिचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, काढा (एसएचए-२५६, विंडोजमध्ये सर्टयुटिल आज्ञेने निघतं) आणि लिहून ठेवा. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात ते लागतं. प्रमाणपत्राचा भाग 'अ' तुम्ही भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने.

आणि हो, 'बघा हे काय पसरवतायत' म्हणून तो मेसेज पुढे पाठवू नका. त्याने तुम्हीही पसरवणारे होता.

१९३० या क्रमांकावर फोन करू नका, तो पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर किंवा ठाण्यात तक्रार द्या. समाजमाध्यमाने तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची असते. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. फुकट आहे, फार कमी लोक वापरतात.

---

पट्टीवाचक

अफवेचं पुण्यातलं उदाहरण ऑगस्ट २०१२ चं. ईशान्येकडच्या मुलांवर हल्ले होणार, असे मेसेज आणि भलत्याच ठिकाणची जुनी छायाचित्रं फिरली, इथे काही हल्ले झालेही, आणि पुणे स्टेशनवरून गुवाहाटीकडे जाणाऱ्यांची गर्दी उसळली. शेवटी सरकारने १५ दिवस एकगठ्ठा एसएमएस बंद केले, माणशी दिवसाला ५ ची मर्यादा घातली. त्या मुलांना 'चिनी' म्हणणं आपण गमतीत घेतो. पळून जायची वेळ येते तेव्हा त्या गमतीची किंमत कळते.

---

साय_संवाद

विनोदाचं कुणी काढलं नाही. मराठी विनोदी कार्यक्रमांतला हमखास हशा कुठून येतो? तोतरं बोलणं, लंगडणं, जाडी, काळा रंग, आणि साडी नेसलेला पुरुष. आपण 'निखळ करमणूक' म्हणून कुटुंबासह बघतो. तोतरं बोलणारं मूल त्याच दिवाणखान्यात बसलेलं असतं.

८ जुलै २०२४ ला एका चित्रपटाविरुद्धच्या निपुण मल्होत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चांगला फरक केलाय. अपंगत्वाबद्दल समज वाढवणारा विनोद वेगळा, आणि अपंग माणसाला खाली ढकलणारा विनोद वेगळा. त्यांनी चित्रपटावर बंदी घातली नाही. शब्द कुठले टाळावेत, चित्रण अचूक हवं, आणि लिहिताना त्या लोकांना सामील करून घ्या, असं सांगितलं. मला हा मार्ग सर्वांत पटतो.

कायदाही हाताशी असू द्या. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम ९२(अ): लोकांदेखत मुद्दाम अपमान, ६ महिने ते ५ वर्षं. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्याचं कलम १८, ६ महिने ते २ वर्षं. मात्र दोन्ही ठिकाणी रोख व्यक्तीवर असावा लागतो. कार्यक्रमातल्या ढोबळ टिंगलीसाठी वाहिनीकडची तक्रारच योग्य.

---

ओंकारेश्वरघाट

साय_संवाद यांचा प्रतिसाद वाचून थांबलो. हा फरक देवादिकांच्या विनोदालाही लावून बघायला हवा. श्रद्धाळू माणसाला खाली ढकलणारा आणि श्रद्धेतल्या ढोंगाला हसणारा. दुसरा आपल्या भारुडांत आहेच.

पण पुस्तकांचं काय? जिथे खरोखरच खोटं, बदनामीकारक छापलंय, तिथे बंदी मागायचीच नाही?

---

खिळेजुळारी

मागता येते, पण ती कशी पडते ते पाहा. सरकारला पुस्तक जप्त करायचा अधिकार आहे (पूर्वी फौजदारी प्रक्रियेचं कलम ९५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ९८). अधिसूचनेत सरकारच्या मताची कारणं लिहावी लागतात. दोन महिन्यांत उच्च न्यायालयात आव्हान देता येतं आणि तीन न्यायमूर्तींचं विशेष पीठ ऐकतं. भांडारकरवरच्या हल्ल्याला निमित्त झालेल्या पुस्तकाची बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि ९ जुलै २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. कारण काय? कुठल्या दोन समाजांत वैर निर्माण होतंय, हे अधिसूचनेत सांगितलंच नव्हतं. सहा वर्षं, एक फोडलेलं ग्रंथालय, आणि हाती आलं शून्य.

खोट्या इतिहासाला टाचणी लावायची तर तपशिलाने. पान क्रमांक द्या, समकालीन पत्र किंवा बखर दाखवा, प्रकाशकाला शुद्धिपत्र मागा. त्यासाठी लागणारी कागदपत्रं ज्या संस्थेत असतात, तीच आपण फोडली.

---

शनिपार_४११०३०

१९३१ मध्ये र. धों. कर्व्यांवर याच शहरातल्या सनातन्यांनी अश्लीलतेचा खटला गुदरला होता. १९३४ च्या दुसऱ्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी लढवली आणि ते हरले. आज बाजू कुणाची बरोबर होती, यावर वाद नाही.

अ‍ॅट्रॉसिटीबद्दल एक ओळ हवी होती.

---

कलमदान

अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(आर) आणि (एस). तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आणि बोलणारा त्यातला नाही, घटना लोकांच्या नजरेसमोर, आणि अपमान जातीवरून. बंद खोलीतला बांधाचा वाद यात बसत नाही, हे २०२० मध्ये हितेश वर्मा निकालात ठरलं. २०१८ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशी लागत नाही (कलम १८-अ). तपास उपअधीक्षक किंवा एसीपी दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच हवा. फौजदाराने केला तर आरोपीचा वकील पहिल्याच तारखेला तेवढंच दाखवतो. जबाबात शिवी 'जातिवाचक' एवढीच लिहू देऊ नका, उच्चारलेला शब्द जसाच्या तसा नोंदवायला लावा आणि तिथे हजर असलेल्यांची नावं घाला.

---

मुठाकाठ



पट्टीवाचक आणि खिळेजुळारी यांच्याशी बोलून दोन कोरे मसुदे करतोय, एक वाहिनीसाठी, एक संपादकासाठी. तारीख, वेळ, आवृत्ती, पान, शब्दशः मजकूर आणि मोडलेलं तत्त्व, यांच्या रिकाम्या जागा असतील. ओंकारेश्वरघाट, तुम्ही तपासून द्याल का? तुमच्या समाजाबद्दल कुणी वाईट बोललं तर तुम्हाला वापरता येईल, आणि तुमच्या समाजातल्या कुणी बोललं तर समोरच्याला वापरता येईल, असा मसुदा हवाय.

---

ओंकारेश्वरघाट

पाठवा. रविवारपर्यंत देतो. वाहिनीचा आधी, त्याचे सात दिवस चालू झालेत.